पाण्याचा खाडा

"घड्याळ कुणासाठी थांबत नाही," असं वाक्य कुणी शहाणपणाचा आव आणून माझ्यासमोर टाकलं की माझं डोकं अजूनही फिरतं. म्हातारपणी रागावू नये म्हणतात. पण मी आयुष्यातली सोळा वर्षं एक भिंतीवरचं घड्याळ सांभाळलं आहे, त्यामुळे या विषयावर रागवायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. घड्याळ थांबत नाही हे खरं. पण त्याच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळवायचं, याला वेळ पाळणं म्हणत नाहीत. याला लबाडी म्हणतात.

हे सगळं वर आलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत मी विचारलं, "बाई गं, तू दिवसभर करतेस तरी काय?" ती म्हणाली, "मामा, एक खरा कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात दहा-वीस नकली कॉम्प्युटर चालतात. प्रत्येकाला वाटतं, मशीन आपलं एकट्याचंच. खरं म्हणजे सगळे पाळीपाळीनं चालतात. ज्याची पाळी नसते तो थिजून पडलेला असतो, आणि आपण थिजलो होतो हे त्याला ठाऊकच नसतं. मग त्याचा वेळ कोणी मोजायचा? त्यानं लावलेला गजर कधी वाजवायचा? ते मी बघते. कर्नल म्हणून मुळातला एक प्रोग्राम असतो, त्याच्यात हा सगळा हिशेब." मी म्हटलं, "म्हणजे तू पाळीवाली झालीस." ती हसली. म्हणाली, "मामा, हे फार नवीन काम आहे."

नवीन! मी तिला काही बोललो नाही, पोर गुणाची आहे. पण हे नवीन काम मी साठ सालानंतर तापीच्या काठावर करत होतो. कॉम्प्युटर नव्हता, डिझेलचं इंजिन होतं. आणि नकली कॉम्प्युटरांच्या जागी सव्वीस जिवंत शेतकरी होते.

प्रकाशा या तापीकाठच्या तीर्थाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी आमचं गाव. गावात बहुतेक गुजर शेतकरी. कपाशी, केळी, ऊस. मी मूळचा नंदुरबारचा, घड्याळजीच्या दुकानात हात काळे केलेला. गावानं सोसायटी करून नदीवर इंजिन बसवलं, तेव्हा त्यांना घड्याळ समजणारा माणूस पाहिजे होता. नेमणुकीच्या कागदावर 'टाइमकीपर' असं लिहिलं होतं. गावानं दोन दिवसांत त्याचं 'टाइममास्तर' केलं, आणि मग नुसतं 'मास्तर'.

काम सांगतो. नदीच्या काठावर इंजिन. इंजिनावर पट्टा, पट्ट्यावर पंप. पाणी वर चढायचं आणि चारीतून, म्हणजे मातीच्या कालव्यातून, शेतांकडे जायचं. इंजिन एक, चारी एक, शेतकरी सव्वीस. मग ज्याची जमीन जेवढी, तेवढ्या तासांची त्याची पाळी. इंजिन उजाडता सहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. रात्री चारी फुटली तर कुणाला कळत नाही म्हणून रात्रीचं पाणी नाही. बारा दिवसांत सव्वीसही जणांचा फेरा पुरा व्हायचा. तेराव्या दिवशी इंजिनाला आराम: तेल बदलायचं, जाळी धुवायची, पट्टा आवळायचा. चौदाव्या दिवशी पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात.

सोसायटीच्या खोलीत भिंतीवर चावीचं मोठं घड्याळ आणि बाहेर कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, एवढी माझी हत्यारं. पाळीचा एक तास झाला की रुळावर एक टोला. पाळी संपली की लागोपाठ चार. चार टोले पडले की एकानं चारीतून आपल्या शेतात पाणी घ्यायचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्यानं आपलं उघडायचं. पोरालाही जमेल असं काम, नाही का?

इंजिन बंद पडायचं तेव्हा या कामाची खरी परीक्षा व्हायची. पट्टा निसटायचा, पंप हवा धरायचा. नदीच्या तळाशी पाइपाच्या तोंडाला एक झडप असायची, फूट-व्हॉल्व्ह, तिला गावात सगळे 'फुटबॉल' म्हणत. त्या फुटबॉलमध्ये शेवाळ अडकायचं. पाणी बंद. आणि ज्याची पाळी चालू आहे तो माणूस आपल्या शेतात फावडं घेऊन कोरड्या चारीकडे बघत उभा. आता त्याचा वेळ चालला आहे की थांबला आहे?

माझ्या आधी जो माणूस होता त्यानं याला एक उत्तर काढलं होतं. इंजिन दोन तास बंद पडलं की तो स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दोन तास मागं करायचा. झालं, शेतकऱ्याची पाळी शाबूत! मनानं तो वाईट नव्हता. पण गावात दुसरं घड्याळ नव्हतं आणि शाळेपासून एस.टी.पर्यंत सगळं याच घड्याळावर. मी रुजू झालो त्या दिवशी सूर्य डोक्यावर होता आणि घड्याळात पावणेनऊ वाजले होते. त्या आठवड्यात एक अख्खं वऱ्हाड या घड्याळाच्या भरवशावर घरून निघालं आणि फाट्यावर पोचलं तेव्हा नंदुरबारची गाडी जाऊन तीन तास झाले होते. नवरदेवासकट सगळे बैलगाड्यांनी गेले. नवरदेवाच्या मामानं त्या टाइमकीपरला शोधत गावभर चक्कर मारली, आणि अशा रीतीनं जागा रिकामी झाली.

मी पहिल्या दिवशी ठरवलं: भिंतीवरच्या घड्याळाला चावीखेरीज हात लावायचा नाही. ते सगळ्यांचं. आणि ज्याचा त्याचा वेळ ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर. पाळी सुरू झाली की सभासदाच्या नावाची एक चिठ्ठी करायची. पाणी किती वाजता सुटलं ते वर लिहायचं. मधे पाणी बंद पडलं की खाली लिहायचं, 'खाडा': इतक्या वाजता बंद, इतक्या वाजता सुरू. मजुराचा कामावरचा खाडा असतो, तसा हा पाण्याचा खाडा. पाणी नाही तेवढा वेळ त्याच्या पाळीत धरायचा नाही. पाळी तेवढी पुढं ओढायची, आणि त्याच्या मागच्या सगळ्यांची पाळी तेवढी पुढं सरकवायची. टोलेसुद्धा भिंतीच्या तासांवर द्यायचे नाहीत, पाळीच्या तासांवर द्यायचे. माझी भाची हेच करते, फक्त तिच्याकडे कडुनिंब नाही.

हे सोपं वाटतं. पण चुकायला किती वाव आहे ते करीमभाईनं दाखवलं. करीमभाई आमचा इंजिन ड्रायव्हर; इंजिनाच्या आवाजावरून त्याचं पोट दुखतंय की डोकं, हे सांगणारा माणूस. एकदा मी घड्याळाची कमान आणायला नंदुरबारला गेलो आणि टोले त्याच्यावर सोपवले. हिराबाई नावाची एक सभासद होती. नवरा वारल्यावर एकटीनं केळी उभी केलेली. तिच्या पाच तासांच्या पाळीत इंजिन तीन तास बंद पडलं. करीमभाईनं ते सुरू केलं, तासभर चालवलं, आणि मग त्याला आठवलं की आपण टोले दिलेच नाहीत. प्रामाणिक माणूस! त्यानं राहिलेले तीन आणि चालू तासाचा एक, असे चार टोले लागोपाठ ठोकून दिले.

चार टोले म्हणजे पाळी संपली. हिराबाईनं निमूटपणे आपलं तोंड बुजवलं, पुढच्यानं उघडलं. बाईला मिळालं एक तासाचं पाणी. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा ती सोसायटीच्या ओट्यावर फावडं घेऊन उभी होती.

"चार टोला पडनात ना रे भो! तूच ठोकात ना?"

"ते त मांगना तीन आनि आतेना एक," करीमभाई काकुळतीला येऊन सांगत होता.

"मांगना टोला कोनी मांगी लिनथा तुले? पानी बंद, त टोला कशाना?"

बाईचा शब्द न् शब्द बरोबर होता. जो वेळ तिच्यासाठी झालाच नाही, त्याचे टोले नंतर गोळा करून एकदम द्यायचे नसतात. ते बुडाले ते बुडाले. मी हिराबाईची चिठ्ठी काढली, खाडा लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिचे राहिलेले चार तास दिले. पुढचे सगळे तेवढे सरकले. कुणी कुरकुरलं नाही, कारण आज तिचं तर उद्या आपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गावात जेवढा न्याय होता तेवढा मी पुन्हा पाहिला नाही.

मग नरोत्तमभाई चेअरमन झाले.

नरोत्तमभाईंचा ऊस सगळ्यात मोठा. त्यांची पाळी पूर्ण बारा तासांची आणि फेऱ्यात पहिली. म्हणजे इंजिन आराम करून, तेल पिऊन, ताजंतवानं झालं की पहिलं पाणी त्यांचं. बंद पडायचा प्रश्नच क्वचित. त्यांचं म्हणणं असं की खाड्यामुळे पाळ्या मागंपुढं होतात, कोणाची पाळी कधी येईल भरवसा नाही, मजूर सांगून ठेवावेत तर ते बसून राहतात. यात तथ्य नव्हतं असं नाही, ते मी कबूल करतो. त्यांनी पुठ्ठ्यावर तक्ता करून आणला: अमक्याची पाळी अमक्या दिवशी, इतक्यापासून इतक्यापर्यंत. इंजिन चालो न चालो. खाडा बंद.

मी म्हटलं, "भाई, आणि पाणी थांबलं तर?"

ते हसले. "घड्याळ कोनाकरता थांबस का, मास्तर?"

तेच ते वाक्य. तिथं बसलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणाले. नियम सारखाच होता. इंजिन मात्र सगळ्यांच्या पाळीला सारखं नव्हतं. बारा दिवस चालून चालून ते शेवटच्या दिवशी धापा टाकायचं. जाळी तुंबलेली, पट्टा सैल, फुटबॉलमध्ये नदीभरचं शेवाळ. आणि फेऱ्यातली शेवटची पाळी, बाराव्या दिवशी दुपारी दोन ते सहा, ती होती रूपसिंगची.

रूपसिंग भिल्ल. नदीच्या वळणावर त्याची थोडी जमीन. सोसायटीची चारी नरोत्तमभाईंच्या उसाकडे जाताना त्याच्या वावरातूनच जायची. चारी खणायची ठरली तेव्हा त्याच्या जमिनीची एक लांब पट्टी घेतली, आणि तिच्या बदल्यात त्याला चार तासांची पाळी दिली. सगळा व्यवहार तोंडी. तोवर त्याच्या वावरात पावसावरच्या ज्वारीशिवाय काही झालं नव्हतं. पाळी मिळाली म्हणून त्यानं पहिल्यांदा मिरची लावली. त्याची बायको आणि तो घागरीनं पाणी घालून रोपं जगवत होते, पाळीच्या भरवशावर. मिरची नंदुरबारच्या बाजारात स्वतः घेऊन जायची, असं तो मला दर वेळी सांगायचा. बाजार कुठं भरतो, कुठं उतरायचं, हे त्यानं मला दोनदा विचारून घेतलं होतं.

नव्या तक्त्याच्या पहिल्याच फेऱ्यात त्याच्या पाळीत इंजिन एक तास वीस मिनिटं बंद पडलं. सहाला मी चार टोले दिले. तो चारीवरून सरळ ओट्यावर आला.

"मास्तर, मन्हा टाइम कोनी खादा?"

मी म्हटलं, "आता नियम तसा आहे, रूपसिंग."

तो गेला. आणि मी सवयीनं चिठ्ठी काढली, त्याचं नाव लिहिलं, खाडा एक तास वीस मिनिटं असं लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकली. कुणी मागितली नव्हती. पण हात वळला. लिहिल्यावर मला बरंही वाटलं, हे आज सांगायला लाज वाटते. वाटलं, आपण आपलं काम चोख केलं.

चीड येते ती याची की त्याला वेळ देणं सर्वांत सोपं होतं! तो शेवटचा. त्याच्यामागं कुणाची पाळीच नव्हती. तेराव्या दिवशी सकाळी इंजिन दीड तास जास्त चाललं असतं तर कुणाचं एक पानही सुकलं नसतं. करीमभाई तयार होता. मी चेअरमनना हे सांगितलं, पण कसं? टोपी हातात घेऊन, "भाई, जमलं तर बघा" असं. ते म्हणाले, "आज त्याले दिधं, त सकाळ समदा मांगतीन." मी बरं म्हणून परत आलो.

दुसऱ्या फेऱ्यात दोन तास. तिसऱ्या फेऱ्यात दोन तास पन्नास मिनिटं. म्हणजे चार तासांच्या पाळीत त्याला पाणी मिळालं एक तास दहा मिनिटं, आणि तेही येईतो अर्धं कोरड्या चारीनंच पिऊन टाकलं. त्या दिवशी तो ओट्यावर आला नाही. मी त्याच्या वावराकडे गेलो. मिरचीची पानं आत वळली होती, फुलं झडून मातीत पडली होती. त्याची बायको खाली बसून एकेक रोप हातानं चाचपत होती. मी लांबूनच परत फिरलो. आणि खोलीत येऊन काय केलं? तिसरी चिठ्ठी लिहिली.

तेराव्या दिवशी आराम झाला. चौदाव्या दिवशी सकाळी सहाला इंजिन सुरू झालं, नरोत्तमभाईंची पाळी लागली. आठ वाजता त्यांचा माणूस धावत आला: चारीत पाणी येत नाही. इंजिन तर व्यवस्थित चाललं होतं. आम्ही सगळे चारीनं चालत गेलो. रूपसिंगच्या वावराच्या तोंडाशीच चारी मातीनं आडवी भरली होती, चांगली कमरेइतकी, ठोकून ठोकून. वर रूपसिंग फावड्याला टेकून उभा होता. पाणी बांधावरून नदीकडे वाहून जात होतं. करीमभाईनं ते पाहिलं आणि पळत जाऊन इंजिन बंद केलं.

नरोत्तमभाई ओरडले, चारी सोसायटीची आहे, कोर्टात खेचीन, हातापायात बेड्या घालीन. रूपसिंग सरळ माझ्याकडे वळला.

"मास्तर, मन्हा खाडा कितला शे?"

त्याला कसं कळलं मी लिहितो ते? ओट्यावरून जाताना त्यानं मला ड्रॉवरमध्ये चिठ्ठी टाकताना बघितलं असणार. वाचता येत नव्हतं, पण आपल्याबद्दल कुणी काही लिहितंय, हे माणसाला कळतं.

"जाय, लय. आनि वाचीसन सांग. समदासमोर."

मी खोलीत जाऊन तिन्ही चिठ्ठ्या आणल्या. गाव जमलं होतं. मी वाचल्या. एक तास वीस. दोन तास. दोन तास पन्नास. "एकूण सहा तास दहा मिनिटं."

"तितलाच टाइम चारी बंद," रूपसिंग म्हणाला. "एक मिनिट जास्ती नही. टाइम व्हयना की टोला दे, मी माती काढी टाकसू."

"अरे मंग पानी वाया काबं घालं?" नरोत्तमभाईंचा आवाज आता उतरला होता. "तुन्हा वावरमा त घे!"

"कशाले? मिरच्या त मरी ग्यात."

मग नरोत्तमभाई माझ्यावर आले. "मास्तर, मन्ही पाळी थांबाड! चारी बंद शे, दिखत नही का तुले?"

माझ्या नोकरीत मी एकदाच कुणाला उलट बोललो, ते तेव्हा.

"घड्याळ कोनाकरता थांबस का, भाई?"

करीमभाई मोठ्यानं हसला आणि मग दोन-चार जण हसले. मला फार गोड वाटलं. दर तासाला मी कोरड्या चारीवर नरोत्तमभाईंच्या पाळीचा टोला देत गेलो. पाणी आठला तुटलं असं धरून, दोन वाजून दहा मिनिटांनी मी रुळावर रूपसिंगसाठी टोला दिला. तो उठला, त्यानं सगळी माती स्वतः काढली, चारीचा तळ फावड्यानं साफ केला, आणि घरी गेला. मिनिटाचा फरक केला नाही. त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण न्याय म्हणजे किती घ्यायचं ते कळत होतं.

आता खरी चीड येण्याजोगी गोष्ट पुढंच आहे. चारच दिवसांत सोसायटीची सभा भरली. चेअरमननी स्वतः ठराव मांडला की खाडा पद्धत पुन्हा सुरू करावी, कारण पाणी नसताना पाळी मोजणं अन्यायाचं आहे. अन्याय! हा शब्द त्यांना सहा तास दहा मिनिटांत सापडला. ठराव मला लिहायला सांगितला: 'चालू फेऱ्यापासून खाडा धरण्यात यावा. मागील फेऱ्यांचे खाडे धरू नयेत.' चालू फेरा म्हणजे ज्यात नरोत्तमभाईंचं पाणी बुडालं तो. मागील फेरे म्हणजे ज्यांत रूपसिंगचं बुडालं ते. मी उठून उभा राहिलो. "मागचे तीन खाडे चिठ्ठीवर आहेत," एवढं म्हणालो. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तू नोकर शेस, बस खाले." आणि मी बसलो. ठराव माझ्याच अक्षरात आहे. बळी तो कान पिळी, हे मला नवीन नव्हतं. पण पिळताना कान धरून ठेवायला मी होतो, हे आजही जात नाही.

नरोत्तमभाईंना त्यांचे सहा तास दहा मिनिटं मिळाले. ऊस आधीही हिरवा होता, नंतरही हिरवाच राहिला.

मी रूपसिंगकडे गेलो. तो सुकलेली झाडं उपटून बांधावर ढीग करत होता. मी सांगितलं, खाडा परत सुरू झाला आहे, आता तुझी पाळी कुणी खाणार नाही, पुन्हा काहीतरी लाव. त्यानं हातातलं झाड ढिगावर टाकलं.

"तू समदं लिखी ठेवं, मास्तर. तीन डाव लिखी ठेवं. पन बोलना नही."

एवढंच. रागानंही म्हणाला नाही. पुन्हा वाकून दुसरं झाड उपटायला लागला.

त्यानं पुन्हा पाणी घेतलं नाही. पावसावरची ज्वारीच पेरली. तक्त्यावर त्याचे चार तास होते, कारण चारी त्याच्या जमिनीवर होती. ते काढायची कुणाची हिंमत नव्हती. त्या चार तासांत त्याच्या वावरातलं तोंड बंद असायचं आणि पाणी चारीतून सरळ उसात जायचं. तेही कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

माझी एक गोष्ट सांगून थांबतो. सभेनंतरच्या फेऱ्यात, बाराव्या दिवशी दुपारी, रूपसिंगच्या पाळीत इंजिन बंद पडलं. दुसऱ्या कुणाच्या पाळीत पडलं असतं तर तो माणूस ओरडत आला असता. इथं येणारं कुणी नव्हतं. मी चिठ्ठीवर रूपसिंगचं नाव घातलं, खाडा लिहायला सुरुवात केली, आणि मग पेन खाली ठेवलं. बाहेर आलो आणि हातोडा घेऊन रूळ बडवायला लागलो. एक नाही, चार नाही, न थांबता. गावातली माणसं आग लागली समजून धावत आली. मी म्हटलं, आग नाही, पाणी बंद आहे.

करीमभाई तेलाचे हात पुसत आला. "मास्तर, कोनाकरता ठोकी ऱ्हायना? त्याना वावरमा त पानीच जात नही."

"पाळी त्याची शे ना?" मी म्हटलं.

चाळीस मिनिटं इंजिन बंद होतं. चाळीस मिनिटं मी बडवत होतो. तळहाताला फोड आले. नरोत्तमभाईंनी दोनदा माणूस पाठवला, थांबव म्हणून. मी थांबलो नाही. पुढं नोकरी होती तोवर, कुणाचीही पाळी असो, पाणी बंद पडलं की मी असाच रूळ बडवत राहिलो. गाव त्याला 'मास्तरनं याड' म्हणायचं, आणि खाडा दाबायची मात्र पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

बडवायच्या त्या पहिल्या दिवशी कडुनिंबाखालून नदीच्या वळणापर्यंत सगळं दिसत होतं. रूपसिंग आपल्या रिकाम्या वावरात उभा होता. त्यानं इकडं बघितलं. मी बडवत होतो तोवर तो तसाच उभा राहिला. मग इंजिन सुरू झालं, मी हातोडा खाली ठेवला, आणि त्याच्या पाळीचं पाणी त्याच्या वावरातून उसाकडे गेलं.